वेगवान मॉडेल जेटसाठी टर्बाईन इंजिन कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दक्षिण जर्मनीत राहतो आणि इथल्या एका क्लबच्या मैदानावर टर्बाईनची, म्हणजे छोट्या जेट इंजिनावर चालणारी, मॉडेल जेट जमिनीवरून रेडिओने उडवतो. पुणे, नाशिक, सांगलीहून ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन येत असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "कोणतं इंजिन घेऊ?" फोनवर जे सांगतो तेच इथे सवडीने लिहिलं आहे. रेटा म्हणजे थ्रस्ट. तो सगळीकडे न्यूटनमध्ये दिला आहे. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचं वजन पेलणारा जोर.

सुरुवात इंजिनापासून करायची की विमानापासून?

विमानापासून, आणि त्याच्याही आधी मैदानापासून. धावपट्टी किती लांब आहे, डांबरी आहे की गवताची, टोकाला झाडं, विजेच्या तारा किंवा उसाचं शेत आहे का, हे आधी बघा. त्यावरून विमानाचं वजन आणि उतरण्याचा वेग ठरतो, आणि विमान ठरलं की इंजिनासाठी दोन-तीनच पर्याय उरतात. आधी इंजिन घेऊन मग त्याला साजेसं विमान शोधणारे मी पाहिले आहेत. शेवटी ते इंजिनाला पेलेल एवढं मोठं विमान घेतात आणि मग त्याला पुरेल अशी धावपट्टी शोधत हिंडतात.

किती वजनाला किती रेटा लागतो?

इंधनासकट उड्डाणाचं वजन धरा. खऱ्या लढाऊ किंवा प्रशिक्षण विमानाची हुबेहूब प्रतिकृती असेल, तर वजनाच्या साठ-सत्तर टक्के रेट्यावर ती छान उडते. स्पोर्ट जेट म्हणजे निव्वळ वेग आणि कसरतींसाठी घडवलेलं विमान. त्याला वजनाइतका किंवा थोडा जास्त रेटा असला की उभ्या चढाईत ते अडखळत नाही.

आकड्यांत सांगायचं तर सात ते दहा किलोंच्या विमानाला ८० ते १०० न्यूटनचं इंजिन पुरतं. दोन मीटरच्या आसपास पंखविस्तार आणि दहा ते पंधरा किलो वजन असेल तर १४० ते १८० न्यूटन लागतात, आणि वीस किलोंच्या घरातल्या विमानाला २२० किंवा त्याहून जास्त. ३०० न्यूटनच्या पुढची इंजिनं मोठ्या प्रतिकृतींसाठी असतात; वेगाची हौस आहे म्हणून तिकडे वळायचं कारण नाही.

जास्त रेट्याचं इंजिन लावलं की वेग वाढतोच ना?

वाढतो, पण वाटतो त्याच्या निम्म्यानेही नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा तर रेटा एकवीस टक्के वाढवावा लागतो. १४० न्यूटनच्या इंजिनावर ताशी ३०० किलोमीटर गाठणाऱ्या विमानाला १८० न्यूटनचं इंजिन बसवलं, तर कागदावर वेग ३४० च्या आसपास येतो. प्रत्यक्षात त्याहून कमीच. त्या चाळीस किलोमीटरसाठी इंजिन जड होतं, टाकी मोठी होते, उतरण्याचा वेग वाढतो आणि विमानाच्या सांगाड्यावरचा ताणही वाढतो.

हा ताण मी स्वतः अनुभवला आहे. माझ्या दुसऱ्या जेटला बनवणाऱ्याने १४० न्यूटनपर्यंतच इंजिन सांगितलं होतं, मी १८० चं बसवलं. पहिली चार उड्डाणं सुरेख झाली. पाचव्यात उंचावरून उतार घेत पूर्ण थ्रॉटलवर मैदानासमोरून येत असताना एक आवाज आला, कापड फाटल्यासारखा, टर्र करून. जेमतेम अर्धा सेकंद. उजव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, फडफडलं होतं. यालाच फ्लटर म्हणतात. मी लगेच थ्रॉटल ओढला आणि डाव्या एलेरॉनच्या जिवावर विमान कसंबसं खाली आणलं. जवळ जाऊन पाहिलं तर एलेरॉनची बिजागरी अर्ध्या लांबीपर्यंत उखडलेली, ते हलवणाऱ्या छोट्या मोटरचे, म्हणजे सर्व्होचे, दात झिजलेले, आणि पंखाच्या रंगावर बिजागरीच्या रेषेत केसासारखी बारीक चीर गेलेली. एलेरॉन हाताने हलवलं तर मिलिमीटरभर ढिलं लागत होतं. १४० न्यूटनच्या वेगाला हा ढिलेपणा खपून गेला असता.

म्हणून विमान बनवणाऱ्याने दिलेली कमाल रेट्याची मर्यादा ही सूचना समजू नका. ती सांगाड्याची मर्यादा असते. वेग वाढवायचाच असेल तर आधी सर्व्हो, बिजागऱ्या आणि दांड्या तपासा, पृष्ठभाग गुळगुळीत करा, चाकांची दारं नीट मिटतात का ते पाहा. अडथळा कमी करून मिळालेला वेग फुकटचा असतो.

मग ताशी ७०० किलोमीटरचे विक्रम कसे होतात?

ती वेगळीच जात आहे. २०१७ साली जर्मनीतल्या बालेनश्टेटच्या विमानतळावर निल्स हेर्ब्रिश यांच्या 'इन्फर्नो' या मॉडेल जेटने ताशी ७४९ किलोमीटरचा वेग नोंदवला. असं विमान फक्त वेगासाठी घडवलेलं असतं: सडपातळ अंग, पातळ पंख, आणि उडवायला खऱ्या विमानतळाची मोकळी जागा. रविवारी सकाळी क्लबवर उडवायच्या विमानासाठी तो मापदंड धरू नका. अमेरिकेत एएमएच्या, म्हणजे मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, नियमांत टर्बाईन मॉडेलसाठी ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची मर्यादा आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी इंजिन निवडतानाच ती लक्षात ठेवावी.

ही मर्यादा का हवी, याचा हिशेब एकदा करून बघा. बारा किलोंचं विमान ताशी ३२५ किलोमीटरने जात असेल, तर त्याच्यातली गतिज ऊर्जा ताशी ३५ किलोमीटरने येणाऱ्या एक टनाच्या मोटारीएवढी असते.

इलेक्ट्रिक डक्टेड फॅनऐवजी टर्बाईनच का?

डक्टेड फॅन म्हणजे नळकांड्यात बसवलेला विजेचा पंखा. शांतपणे, कमी खर्चात उडायचं असेल तर फॅन उत्तम. मला त्याचं वावडं नाही. फरक पडतो तो वेगात. फॅनमधून मागे जाणारी हवा साधारण सेकंदाला नव्वद-शंभर मीटरने बाहेर पडते. विमानाचा वेग त्याच्या जवळ गेला की रेटा संपत येतो. टर्बाईनचा झोत सेकंदाला साडेचारशे मीटरच्या पुढे असतो, म्हणजे ताशी सोळाशे किलोमीटरच्या वर.

तरीही टर्बाईनचा रेटा हवेत कमी होतोच. जेटकॅट कंपनीचं पी१८० हे इंजिन घ्या. जमिनीवर स्थिर असताना ते १७५ न्यूटन देतं आणि दर सेकंदाला ०.३८ किलो हवा ओढतं. विमान ताशी ३२० किलोमीटरने जात असताना त्यातले सुमारे ३४ न्यूटन समोरून येणारी हवा गिळण्यातच खर्ची पडतात. वेगामुळे तोंडाशी हवा दाबली जाऊन थोडं परत मिळतं, पण थोडंच. माहितीपत्रकावरचा आकडा जमिनीवरचा असतो, हे हिशेब करताना विसरू नका.

माहितीपत्रकावरचा रेटा पुण्या-नाशिककडे मिळतो का?

नाही. आणि हा प्रश्न खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा, पण फार थोडे विचारतात. पत्रकावरचे आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंश सेल्सिअसचे असतात. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर आहे. एप्रिल-मेच्या ३८ अंशांत तिथली हवा त्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे तेरा टक्क्यांनी विरळ असते. एवढ्यावर भागत नाही. गरम हवेत तेवढ्याच फेऱ्यांवर कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातलं हवा दाबणारं चाक, कमी दाब निर्माण करतो, त्यामुळे रेटा आणखी घटतो. १८० न्यूटनच्या इंजिनातून दुपारी बारा वाजता १४५ च्या आसपास मिळाले तरी पुष्कळ.

विरळ हवेत पंखांनाही उचलायला जास्त वेग लागतो. दोन्ही मिळून धावपट्टी चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी लांब लागते. इथे १०० मीटरमध्ये उठणाऱ्या विमानाला तिकडे उन्हात १४५ मीटर धावावं लागेल. देशावर उडवणार असाल तर मोठ्या रेट्याकडे एक पायरी सरकणं योग्य आहे, फक्त सांगाड्याच्या मर्यादेत राहून. तुमच्याकडे डिसेंबरच्या सकाळी मात्र तेच इंजिन बरंच जास्त जोर देईल, तेव्हा थ्रॉटल जपून. कोकणात आणि गोव्यात उंचीचा तोटा नाही, उन्हाचा आहे.

या इंजिनात आत असतं तरी काय?

पुढे टर्बोचार्जरच्या जातीचं एक केंद्रोत्सारी कॉम्प्रेसर चाक, मध्ये कड्यासारखा ज्वलनकक्ष, मागे निकेलच्या उष्णतारोधक मिश्रधातूचं एकच टर्बाईन चाक, आणि दोन्ही चाकं जोडणारा शाफ्ट. तो सिरॅमिक गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतो. पी१८० मिनिटाला सव्वा लाख फेऱ्या करतं. १०० न्यूटनचं पी१०० तर दीड लाखाच्या पुढे जातं. इंजिन जितकं लहान, तितक्या फेऱ्या जास्त.

घरच्या कार्यशाळेत हे जमतं हे १९९० च्या आसपास जर्मनीच्या कुर्ट श्रेक्लिंग यांनी दाखवून दिलं. त्यांच्या इंजिनातलं कॉम्प्रेसर चाक कार्बन तंतूंनी मढवलेल्या प्लायवूडचं होतं. आजच्या इंजिनांमागे त्या माणसाची चिकाटी आहे, आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

इंजिनाच्या वजनात दोन-तीनशे ग्रॅमचा फरक, एवढं काय?

इंजिन बहुधा गुरुत्वमध्याच्या मागे बसतं, म्हणून फरक पडतो. गुरुत्वमध्याच्या ३५ सेंटिमीटर मागे ५०० ग्रॅम वाढले, तर तोल सांभाळायला ७० सेंटिमीटर पुढे, नाकात, २५० ग्रॅम शिसं भरावं लागतं. म्हणजे वाढले पाऊण किलो. त्यावर इंधन. पी१८० पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ५८५ मिलिलिटर पितं, पी२२० सव्वासातशे. उड्डाण सात मिनिटांचं आणि सरासरी साठ टक्के खप धरला, तर पहिल्याला अडीच लिटर आणि दुसऱ्याला तीन लिटर लागतात, वर शिल्लक हवी ती वेगळी. मी अर्धा लिटर उरलेला असतानाच उतरतो. एकदा धावपट्टीवर दुसरंच विमान आडवं पडलं होतं आणि मला दोन फेऱ्या जास्त माराव्या लागल्या. तेव्हापासून यात तडजोड करत नाही.

टाकी गुरुत्वमध्यावरच बसवा, नाहीतर इंधन संपत जाईल तसा तोल बदलत जाईल.

इंधन कोणतं? रॉकेल चालतं का?

बहुतेक इंजिनं केरोसीनवर, म्हणजे आपल्या रॉकेलवरच चालतात. विमानांचं जेट ए-१ हेही शुद्ध केलेलं केरोसीनच. बऱ्याच इंजिनांना डिझेलही चालतं, पण ते हस्तपुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच घाला. रेशनचं निळं रॉकेल वापरू नका. ते स्वयंपाकासाठी आणि दिव्यासाठी दिलेलं असतं. खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल घ्या आणि बारीक गाळणीतून दोनदा गाळा.

या इंधनातच टर्बाईनचं तेल मिसळतात, साधारण पाच टक्के, म्हणजे वीस लिटरला एक लिटर. वेगळी तेलाची टाकी नसते. इंधनाचाच एक बारीक फाटा बेअरिंगकडे जातो. तेल विसरलं तर बेअरिंग काही मिनिटांत जातं. म्हणून मी तेल घातलेल्या कॅनलाच लाल दोरा बांधतो. दोरा नसलेला कॅन विमानाजवळ येत नाही. टर्बाईनच्या तेलातली काही रसायनं विषारी असतात, तेव्हा मिसळताना हातमोजे घाला आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका.

इंजिन हवेत बंद पडतं ते कशामुळे?

दहापैकी बहुतेक वेळा बुडबुड्यामुळे. इंधनाच्या नळीतून हवेचा एक बुडबुडा गेला की ज्योत विझते. यासाठी मुख्य टाकी आणि पंप यांच्यामध्ये बुडबुडे अडवणारी छोटी टाकी लावतात. ती लावाच. पंपाच्या ओढीच्या बाजूची नळी जाड आणि आखूड ठेवा, आणि दर हंगामाला बदला. पारदर्शक नळी पिवळी पडून कडक झाली की सांध्यापाशी हवा ओढू लागते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

थ्रॉटल दिला की इंजिन लगेच उचलतं का?

लगेच नाही. आयडलपासून, म्हणजे सर्वात कमी फेऱ्यांपासून, पूर्ण रेट्यापर्यंत जायला तीन-चार सेकंद लागतात, नव्या इंजिनांत थोडे कमी. उतरताना विमान खाली बसतंय असं दिसल्यावर थ्रॉटल दिला तर उशीर झालेला असतो. म्हणून शेवटच्या वळणापासून थोडा थ्रॉटल ठेवून यायची सवय लावा. निवड करताना हा उचलण्याचा काळ विचारून घ्या. वीस न्यूटन जास्त मिळण्यापेक्षा एक सेकंद कमी लागणं मला मोलाचं वाटतं.

दुसरी बाजूही आहे. आयडलवरसुद्धा मोठं इंजिन सात-आठ न्यूटन ढकलतच असतं. हलकं, गुळगुळीत विमान त्यामुळे धावपट्टीवर तरंगत राहतं आणि टेकायचं नाव घेत नाही. चांगले फ्लॅप (उतरताना खाली वळणाऱ्या पंखाच्या पट्ट्या) आणि ब्रेक नसतील तर गरजेपेक्षा मोठं इंजिन इथेही नडतं.

विमानात बसवताना काय बघायचं?

हवा आणि उष्णता. वर सांगितलेल्या ०.३८ किलो हवेचे सुमारे ३१० लिटर होतात, तेही दर सेकंदाला. गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाकीएवढी हवा दोन सेकंदांच्या आत. विमानाची हवा आत घेणारी तोंडं लहान असतील तर इंजिन उपाशी राहतं, तापमान चढतं आणि जमिनीवर विमानाच्या बाजू आत ओढल्या गेलेल्या दिसतात. मागचा टेलपाइप दुहेरी भिंतीचा असावा, आणि इंजिन व पाइप एका सरळ रेषेत असावेत. दोघांमधलं अंतर हस्तपुस्तिकेत दिलं असेल तेवढंच ठेवा. तोंडावर जाळी हवी. एक खडा कॉम्प्रेसर संपवायला पुरतो.

कोणत्या कंपनीचं घ्यावं?

जर्मनीची जेटकॅट, तैवानची किंगटेक, स्पेनची जेट्स मुंट, चीनची स्विविन, अशी नावं तुमच्या कानावर आली असतील. सगळ्यांची इंजिनं उडतात. मी ब्रँडच्या आधी हे विचारतो की दुरुस्ती कुठे होते. साधारण २५ तास चालल्यावर इंजिन सर्व्हिसला पाठवावं लागतं. सात मिनिटांच्या उड्डाणांनी ती दोनशेच्या वर उड्डाणं होतात. भारतातून ते परदेशी पाठवून परत आणताना सीमाशुल्काची कागदपत्रं आधी नीट करावी लागतात, नाहीतर स्वतःच्याच इंजिनावर पुन्हा शुल्क भरायची पाळी येते. जवळ कोणी विश्वासू दुरुस्तीवाला असेल, किंवा क्लबमध्ये चौघांकडे एकाच कंपनीची इंजिनं असतील, तर तेच घ्या. अडीअडचणीला पंप, सेन्सर, केबल उसनी मिळते.

पहिल्यांदा सुरू करताना काय तयारी लागते?

कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हाताशी हवा. पावडरचा आग विझवेल, पण इंजिनही निकामी करेल. एक जाणता माणूस सोबत हवा. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करा, मागे कोणी नको, आणि टर्बाईन चाकाच्या रेषेत बाजूलाही कोणी नको.

स्विच दिला की आधी स्टार्टरची घरघर ऐकू येते. मग रॉकेलचा वास, मागून फिकट पांढरा धूर, आणि एक मऊ 'भप्'. तापमानाचा आकडा पळू लागतो, आवाज घरघरीवरून शिट्टीकडे चढतो आणि आयडलला स्थिरावतो. सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, सांभाळतो. आपण फक्त पाहायचं. 'भप्' झाल्यावर शिट्टी चढली नाही आणि मागे पिवळी ज्वाळा दिसली, तर आत इंधन साचलं आहे. थ्रॉटल बंद करा, स्टार्टरची हवा चालू राहू द्या, विझलं नाही तर अग्निशामक इंजिनाच्या पुढच्या तोंडातून मारा. त्यानंतर नाक खाली करून इंधन निथळेपर्यंत पुन्हा सुरू करू नका.

भारतात कायद्याचं काय?

'ड्रोन नियम २०२१' मध्ये मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे: एकूण वजन २५ किलोंपर्यंत, शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, आणि डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात. उडवण्याआधी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहा. पुण्यासारख्या हवाईदलाच्या तळाजवळच्या शहरात हे विशेष जपा. स्थानिक पोलिसांना आधी कळवून ठेवा. टर्बाईनचा आवाज ऐकून गाव गोळा होतं, आणि गर्दी आवरायला त्यांचीच मदत होते. जर्मनीत विमा सक्तीचा आहे. तुमच्याकडे कोणी विचारत नसलं तरी तृतीय पक्षाचा विमा मिळत असेल तर काढा.

जुनं इंजिन घ्यावं का?

घ्यावं, पण चालू झालेलं पाहूनच. ईसीयूमध्ये एकूण तास, किती वेळा सुरू केलं आणि शेवटचं उड्डाण कशामुळे थांबलं, हे नोंदलेलं असतं. ते वाचायला मागा. थंड इंजिनाचा शाफ्ट बोटाने हलकेच फिरवा आणि कान इंजिनाच्या तोंडाशी न्या. तो सायकलच्या नव्या चाकासारखा बराच वेळ फिरत राहून हळूच थांबायला हवा. खरखर ऐकू आली किंवा झटक्यात थांबला तर बेअरिंग गेलं. मग टॉर्च मारून मागची टर्बाईनची पाती एकेक करून पाहा. कडा निळ्या-काळ्या आणि कुरतडलेल्या दिसल्या, तर ते इंजिन कधीतरी फार तापलेलं आहे. किंमत कितीही कमी असली तरी परत द्या.